पाणी गुलाबी आहे ना?

रविवारी दुपारी मॅडमचा फोन आला की आमच्या प्रयोगशाळेचे वॉचमन चाचा काही न विचारता उठायचे, कुलूप काढायचे आणि मोबाईल फ्रिजच्या पाठीला टेकवून उभे राहायचे. पलीकडे मॅडम आपल्या घरी बसून फ्रिजचा आवाज ऐकायच्या. पुरेसा ऐकून झाला असं वाटलं की चाचा फोन कानाला लावायचे.

"हौ मॅडम, चालू हाय. आवाज बी रोजच्यासारखाच हाय."

"रोजच्यासारखा कसा? मधेच घरघर आली की."

"ती माझी होती, मॅडम. सर्दी झाल्ती."

सोमवारी सकाळी मॅडमनी सगळ्यात आधी चाचांच्या घशाचा नमुना घेतला.

परभणीच्या उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि आमची रसायनं फ्रिजबाहेर राहिली की दुधासारखी नासतात, हे खरंच. पण बाकीचे लोक लाईट गेल्यावर काळजी करतात. मॅडम लाईट असतानाच करायच्या.

शहरातल्या एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची ही प्रयोगशाळा. एमएस्सी झाल्यावर मी तिथं लागले. ताडकळसहून सकाळच्या बसनं यायचं आणि दिवे लागायच्या सुमारास परत जायचं. मॅडम तिथल्या प्रमुख. बारीक अंगाच्या, पिकलेले केस घट्ट बांधलेल्या, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात कापडी बूट. डॉक्टर होत्या, पण रुग्ण त्यांच्याकडे येत नसे, रुग्णाचा बेडका यायचा. न्यूमोनिया झालेल्या माणसाच्या बेडक्यात कुठला जंतू आहे ते शोधायचं आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवायचं, म्हणजे ते नेमकं औषध देतील, एवढं आमचं काम. मॅडम सगळ्यांना अहो-जाहो करायच्या, मला आणि चाचांनासुद्धा. आवाज कधी चढवायच्या नाहीत. तरी त्यांच्या शेजारी तासभर बसलं की आपलीच छाती धडधडायला लागायची.

त्या ऑटोत बसल्या आणि ऑटोवाला खोकला की संपलं. "किती दिवसांचा आहे? कफ पडतो का? रात्री घाम येतो का?" शेवटी स्टेशनवरचे ऑटोवाले त्यांना बघितलं की खोकला दाबून धरायचे. त्यातल्या एकाला त्यांनी खरंच हाताला धरून वॉर्डात नेलं होतं आणि त्याला खरंच टीबी निघाला होता. तेव्हापासून तो त्यांच्याकडून भाडं घेत नसे, म्हणून त्या त्याच्या ऑटोत बसायच्या नाहीत.

'नाही' हा शब्द त्यांना चालत नसे. रिपोर्टवर आम्ही 'जंतू नाही' असं लिहिलं की त्या खोडायच्या आणि 'जंतू दिसला नाही' असं लिहायला लावायच्या. "तो आहे की नाही ते त्याला माहीत. आपल्याला दिसला नाही एवढंच आपण म्हणू शकतो." ही सवय बोलण्यातही उतरली होती. इस्पितळाचे मोठे साहेब आलेत का विचारलं तर म्हणायच्या, "मला दिसले नाहीत." साहेब मागच्या खुर्चीत बसून हे ऐकत असायचे.

आणि त्यांचा एकेरी रस्ता. आमच्याकडे तीन खोल्या होत्या. पहिलीत रसायनं मिसळायची, दुसरीत त्यात रुग्णाचा नमुना घालायचा, तिसरीत यंत्र. पहिलीतून तिसरीकडे जायचं, उलट यायचं नाही. एकदा तिसरीत पाऊल टाकलं की त्या दिवसापुरती पहिली खोली बंद. कारण साधं होतं. तिसऱ्या खोलीत जंतूच्या एका बारीकशा खुणेच्या असंख्य नकला तयार होतात. त्यातला कण बाहीला चिकटून पहिल्या खोलीत गेला तर तो उद्याच्या प्रत्येक नळीत उतरेल, आणि धडधाकट माणूसही आजारी दिसेल. हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. पण मॅडमचा डबा एकदा पहिल्या खोलीबाहेरच्या कपाटात राहिला आणि त्या तिसरीत आल्या. मी म्हटलं, "मॅडम, मी आणून देते." तर म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा तिसरीतच आहात." त्या दिवशी त्या गाड्यावरची केळी खाऊन राहिल्या. प्रत्येक खोलीत त्यांची वेगळी चप्पल, वेगळं पेन, वेगळा कोट आणि पाण्याची वेगळी बाटली असे.

रोज यंत्र थांबलं की आम्ही सगळे आधी रुग्णांच्या नळ्यांकडे बघायचो. मॅडम आधी पाण्याच्या नळीकडे बघायच्या. प्रत्येक खेपेला आम्ही एका नळीत कुणाचाच नमुना घालत नाही, नुसतं शुद्ध पाणी घालतो. त्यात काही दिसता कामा नये. दिसलं तर बाकीचं सगळं खोटं. "पाणी काय म्हणतंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पाणी गप्प असेल तरच पुढचं बोलायचं.

अशा बाईंच्या गळ्यात वरच्या कार्यालयानं दोन पद्धतींची तुलना करायचं काम घातलं.

एक आमची जुनी पद्धत, कोरोनात सगळ्यांना तोंडपाठ झालेली पीसीआर. तिला महागडं यंत्र लागतं, ते नळ्या तापवतं, थंड करतं, पुन्हा तापवतं, आणि जंतू असेल तर पडद्यावर रेघ वर चढते. दुसरी नवी. तिला यंत्र नको, नळी एकाच तापमानाच्या गरम ठोकळ्यात ठेवायची, आणि जंतू असेल तर गुलाबी पाणी पिवळं होतं. तासाभरात, साध्या डोळ्यांना दिसेल असं. आम्ही एकीला यंत्राची म्हणायचो आणि दुसरीला रंगाची. रंगाची भरवशाची निघाली तर ती जिंतूर, पूर्णा, पालम अशा ठिकाणच्या दवाखान्यांत देता आली असती. तिथला रुग्ण परभणीला पाठवा, नमुना पाठवा, उत्तराची वाट बघा, हे सगळं वाचलं असतं. म्हणून प्रत्येक नमुना दोन्ही पद्धतींनी तपासायचा आणि कुठली बरोबर ते सांगायचं.

सुरुवातीला सगळं छान जुळत गेलं. यंत्र 'हो' म्हणालं की रंग पिवळा. मी खूश होते. मॅडम नव्हत्या. "इतकं जुळायला नको," असं म्हणून त्या पुन्हा पुन्हा ठोकळ्याचं तापमान बघायच्या.

मग एका सकाळी पाणी पिवळं झालं.

नुसत्या पाण्याची नळी, आणि तिच्यात लिंबासारखा पिवळा रंग. मॅडमनी ती हातात धरली आणि उजेडापुढं नेली. मी म्हटलं, एखाद्या वेळी होतं असं. त्यांनी ऐकलं नाही. त्या आठवड्याचे रंगाचे सगळे निकाल रद्द केले, उघडलेली रसायनं फेकून दिली, आणि दाराच्या कड्या, फ्रिजची मूठ, टेबलं, खुर्च्या, नळ, पेनं, सगळं कापसानं पुसून तो प्रत्येक बोळा तपासायला घेतला. आम्ही एकमेकांकडे संशयानं बघायला लागलो. कुणी चूक केली? कोण तिसरीतून पहिलीत गेलं? चाचा तर प्रयोगशाळेच्या पायरीवरसुद्धा बसेनात.

कड्या गुलाबी निघाल्या. फ्रिज गुलाबी. मी माझ्या बांगड्यासुद्धा तपासायला दिल्या होत्या, त्याही गुलाबी. शेवटी एक नळी पिवळी झाली आणि तिच्यावरचं नाव वाचून मी मॅडमकडे बघितलं.

त्यांचा चष्मा.

चपला तीन, कोट तीन, पेनं तीन, पण नाकावरचा चष्मा एकच होता. तिसऱ्या खोलीत हातमोज्याच्या बोटानं तो वर सरकवायची त्यांना सवय होती, आणि तोच चष्मा घालून त्या दुसऱ्या दिवशी पहिल्या खोलीत रसायनं मिसळायच्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. कुणीतरी भलतीच बाई समोर उभी असल्यासारखं वाटलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना बोलवा." आम्ही जमलो. "मीच होते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर संशय घेतला, माफ करा." चाचांनाही वेगळं बोलावून हेच सांगितलं. चाचांनी घाबरून दोन्ही हात जोडले.

पुढं त्यांनी खोलीगणिक चष्मे केले. पण त्या दिवसापासून पिवळ्या रंगावरचा त्यांचा विश्वास पार उडाला. नळी पिवळी झाली की आम्हाला जंतू दिसायचा. त्यांना आधी स्वतःच्या नाकावरचा चष्मा दिसत असावा.

आणि मग माझा भाऊ आजारी पडला.

सिधू माझ्याहून धाकटा, पूर्णेजवळच्या एका निवासी शाळेत शिक्षक. शाळेतली पोरं खोकत होती, मग हाही खोकायला लागला. साधा खोकला म्हणून त्यानं अंगावर काढला. माय त्याला घेऊन परभणीला आली तेव्हा त्याला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. आमच्याच इस्पितळात भरती केलं. सलाइनमधून भारी इंजेक्शनं चालू झाली, पण ताप हटेना. मी वॉर्डात गेले की तो ऑक्सिजनचा मास्क सरकवून म्हणायचा, "आक्का, तुमच्या यंत्राला इचार की काय झालंय मला." मग खोकायचा, आणि रुमालावर रक्ताची छटा दिसायची.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना एका जंतूचा संशय होता. बहुतेक जंतूंना बाहेरून भिंत असते आणि नेहमीची इंजेक्शनं ती भिंत फोडतात. या जंतूला भिंतच नसते. मग फोडणार काय? त्याला वेगळं औषध लागतं. पण सिधूच्या ईसीजीत काहीतरी खटकत होतं आणि त्या औषधानं हृदयाचा ठोका बिघडायची भीती होती, म्हणून डॉक्टर ते अंदाजानं द्यायला तयार नव्हते. त्यांनी बेडका आमच्याकडे पाठवला. बशीत जंतू वाढवून बघायचा तर हा फार हळू वाढतो. आमच्या दोन पद्धतींशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

डबी माझ्याच हातात आली. मॅडमनी वरचं नाव वाचलं.

"भाऊ का?"

"हो मॅडम."

"मग तू बाहेर बस."

त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. चाचांनी चहा आणला, तो तसाच गार झाला. तिसऱ्या खोलीच्या दाराला काच आहे, तिच्यातून मला मॅडमची पाठ दिसत होती. सकाळ सरत आली तेव्हा त्या वळल्या आणि दार किलकिलं केलं.

"रंगाचं झालं. पिवळं आहे."

"पाणी?" मी विचारलं. "पाणी गुलाबी आहे ना?"

"गुलाबी आहे."

"मग झालं की मॅडम! सांगा डॉक्टरांना."

"यंत्राचं व्हायचंय," एवढं म्हणून त्यांनी दार लावलं.

यंत्राचं दुपारी झालं. रेघ चढलीच नाही, जमिनीसारखी सपाट. एक पद्धत 'हो' म्हणत होती, दुसरीला काही दिसत नव्हतं. वॉर्डातून फोन आला. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "रंगात दिसलाय. यंत्रात दिसला नाही." पलीकडचा आवाज मला काचेबाहेर ऐकू आला. "मॅडम, मला हो की नाही सांगा. औषध सुरू करू का नको?" मॅडमनी "थांबा" म्हणून फोन ठेवला.

मी दार ढकललं. "मॅडम, त्याचा ऑक्सिजन उतरायलाय. माय खाली रडायलीय. कायतरी एक सांगा हो त्यांना!"

"कायतरी एक सांगणं हे आपलं काम नाही," त्या म्हणाल्या.

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. चष्म्याची चूक त्यांची आणि जीव माझ्या भावाचा चाललाय, असं मी बोलणारच होते. पण त्या पडद्याकडे वळल्या होत्या, आणि एकदम त्यांनी मला हात केला.

"इकडे ये. ही रेघ बघ."

यंत्राच्या प्रत्येक नळीत आम्ही नमुन्याखेरीज आणखी एक ठरलेली खूण मुद्दाम घालतो. मॅडम तिला साक्षीदार म्हणायच्या. नमुना कुणाचाही असो, साक्षीदाराची रेघ वेळेवर चढलीच पाहिजे. ती चढली म्हणजे यंत्राची नजर शाबूत आहे. सिधूच्या नळीत ती चढली होती, पण फार उशिरा, अगदी शेवटाला, कशीबशी. यंत्रानं ती चालवून घेतली होती.

"साक्षीदारालाच धाप लागलीय," मॅडम म्हणाल्या. "बेडक्यात रक्त आहे. धुऊनसुद्धा त्याचा अंश राहिलाय आणि त्यानं यंत्र आंधळं केलंय. रंगाच्या पद्धतीला रक्त इतकं बाधत नाही. नमुना पातळ करून पुन्हा लावायला हवा."

"मग लावा!"

"रसायनं पहिल्या खोलीत मिसळायची आहेत. आणि मी तिसरीत आहे."

"मी मिसळते. मी दिवसभर बाहेरच होते."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. दार ढकलून मीही तिसरीत पाऊल टाकलं होतं, आणि बाकीचे सगळे सकाळीच तिथं जाऊन आले होते.

मॅडमनी कोट काढला, पिशवी उचलली आणि तडक बाहेर गेल्या. फाटकाशी त्यांनी ऑटो थांबवला आणि बसून निघून गेल्या. मी बघतच राहिले. पुन्हा वॉर्डाचा फोन वाजला, तो चाचांनी उचलला.

"मॅडम कुठं आहेत?"

"आंघोळीला गेल्यात साहेब."

"काय?"

"घरी. डोक्यावरून. अंगावरचं समदं धुऊन पहिल्या खोलीत जायचंय म्हनल्या. मला सांगून गेल्यात, येते म्हनून."

डॉक्टर काय म्हणाले ते चाचांनी मला सांगितलं नाही. मी जिन्यात जाऊन बसले. सिधू लहान होता तेव्हा तापात माझ्या मांडीवरच झोपायचा, हे मला उगाच आठवत होतं. वर जावं तर तो विचारील, म्हणून वर जाववत नव्हतं.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर दुसरी साडी होती, केसांतून पाणी गळत होतं आणि पदर भिजला होता. मी त्यांचे केस मोकळे कधी बघितले नव्हते. माझ्याकडे न बघता त्या पहिल्या खोलीत शिरल्या, कोट चढवला, टोपीत केस कोंबले. मग दुसरी खोली. मग तिसरी. मी काचेला नाक लावून उभी होते. मागे चाचा उभे होते, त्यांच्या मागे वॉर्डातले तरुण डॉक्टरही येऊन उभे राहिले होते, वैतागलेले, हातावर हात बांधून.

बाहेर ऊन उतरलं. पडद्यावर आधी साक्षीदार चढला, वेळेवर. पाण्याची रेघ सपाट राहिली. आणि मग सिधूची रेघ हळूहळू जमिनीवरून उचलली गेली आणि वाकून वर गेली.

मॅडमनी दार उघडलं. "आहे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "औषध बदला. ईसीजी लावून ठेवा."

डॉक्टर पळतच गेले. मी भिंतीला टेकून खाली बसले. मॅडम माझ्याशेजारी बसल्या नाहीत, माझ्या पाठीवरून हातही फिरवला नाही. आत जाऊन त्यांनी टेबल पुसायला घेतलं.

सिधूचा ताप लगेच गेला नाही, पण उतरायला लागला. मग मास्क निघाला. मग तो जेवणाला नावं ठेवायला लागला, तेव्हा मायनं पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

काही महिन्यांनी तुलनेची बैठक झाली. वरचे अधिकारी आले होते. त्यांना एका वाक्यात उत्तर हवं होतं, कुठली पद्धत चांगली. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. यंत्राला रक्तानं दिसेनासं होतं, आणि रंगाला नसलेलंही दिसतं."

"मग तालुक्याला कुठली पाठवायची?"

"रंगाची. पण चालवणारं माणूस भित्रं पाहिजे."

"मॅडम, हे आम्ही लिहायचं कसं?"

"तसंच लिहा," त्या म्हणाल्या. त्यांनी अर्थात तसं लिहिलं नाही. 'प्रशिक्षित कर्मचारी आवश्यक' असं लिहिलं. रंगाची पद्धत काही ठिकाणी गेली, आणि तिथल्या पोरींना शिकवायला मॅडम स्वतः एसटीनं फिरल्या. चष्म्याची गोष्ट त्या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा सांगायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी सिधूनं त्यांना ताडकळसला जेवायला बोलावलं. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या गावचा आठवडी बाजार होता. बसमधून उतरून त्या गर्दीतून वाट काढत, कोपर अंगाशी धरून आल्या. सिधूनं "जयभीम मॅडम" म्हणून हात जोडले. मायनं धपाटे केले होते, वर घट्ट दही. मॅडम ओट्यावर बसल्या, आणि माय त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली. त्या सरकल्या नाहीत.

सिधू आता पुन्हा शाळेत जात होता, अंगानं भरला होता. खाता खाता त्यानं हसत विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तुमी बी भ्यालात का हो? आक्का तर लय भ्याली होती."

"त्या दिवशी नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी कामात होते." त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "नंतर भ्याले. अजून भिते. सकाळी नळी पिवळी झाली तेव्हाच मला वाटलं होतं की हे खरं आहे. तरी मी संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. तेवढ्यात तुम्हाला काही झालं असतं तर?"

"झालं न्हाई ना पण. पक्कं करून सांगितलं, ते बरंच केलं की तुमी."

"तुम्ही बरे झालात, म्हणून बरं केलं म्हणताय."

रस्त्यावरून बाजाराला निघालेल्या बायका बोलत जात होत्या. मायला यातलं किती समजलं कोण जाणे. तिनं मॅडमच्या मांडीवर हात ठेवला आणि दुसरा धपाटा त्यांच्या ताटात वाढला.

"खा बाई," ती म्हणाली. "गार व्हायलंय."

मॅडमनी सिधूकडे एकदा नीट बघून घेतलं. मग मान खाली घालून जेवायला लागल्या.